केक मिक्स, सुके अंडे आणि एक सोयीस्कर गोष्ट

एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आली असेल. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ती सांगतात, मानसशास्त्रावरच्या लोकप्रिय पुस्तकांत ती भेटते आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ती अधूनमधून नव्याने छापून येते. गोष्ट अशी : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत केकचे तयार पीठ, म्हणजे केक मिक्स, बाजारात आले. मैदा, साखर, दुधाची भुकटी, अंड्याची भुकटी असे सगळे त्यात होतेच. गृहिणीने फक्त पाणी घालायचे, ढवळायचे आणि भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे. तरी माल उठेना. तेव्हा उत्पादकांनी अर्न्स्ट डिक्टर या मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला. डिक्टर म्हणाले, काम इतके सोपे झाल्यामुळे गृहिणीला अपराधी वाटते. केक आपण केला असे तिला वाटत नाही. पिठातली अंड्याची भुकटी काढून टाका आणि तिला स्वतःच्या हाताने ताजे अंडे फोडून घालू द्या. उत्पादकांनी तसे केले आणि खप झपाट्याने वाढला.

गोष्ट सुटसुटीत आहे, तिला शेवट आहे आणि तात्पर्यही आहे. 'माणसाला थोडे कष्ट करू दिले की त्याला वस्तू आपली वाटते' हे पटवायला शिक्षकही ती वर्गात वापरतात. मात्र ती विज्ञानाच्या, म्हणजे प्रयोगाने सिद्ध झालेल्या निष्कर्षाच्या, थाटात सांगितली जाते. म्हणून प्रयोगाला लावतो त्या कसोट्या तिला लावून पाहणे योग्य ठरेल.

आमचे काम प्रथिनांशी. त्यामुळे ही गोष्ट ऐकताना आम्हाला पहिली अडचण जाणवते ती अशी. भुकटी काढून ताजे अंडे घातले तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. एक बदल झाला गृहिणीच्या मनात आणि दुसरा झाला केकमध्ये. गोष्ट सांगणारा पहिल्या बदलाला सगळे श्रेय देतो आणि दुसऱ्याचे नावही घेत नाही. जणू सुके अंडे आणि ताजे अंडे यांत काही फरकच नसतो. हा फरक किती मोठा आहे ते पाहण्याआधी तारखा तपासू या.

तारखा काय सांगतात?

पिट्सबर्ग येथील पी. डफ अँड सन्स ही कंपनी काकवीचा व्यापार करी. तिचे जॉन डफ यांना १९३३ साली एका तयार मिश्रणाचे पेटंट मिळाले. मैदा, काकवी, साखर, स्निग्ध पदार्थ, मीठ, खाण्याचा सोडा, मसाले आणि संपूर्ण अंड्याची भुकटी असा त्यातील ऐवज होता. गृहिणीने घालायचे होते ते फक्त पाणी. पुढे १९३५ साली कंपनीला दुसरे पेटंट मिळाले, त्यात अंड्याची भुकटी नाही. ताजे अंडे गृहिणीने घालावे, अशी योजना त्यात आहे. कारणही दिले आहे : गिऱ्हाइकांना ताजी अंडी अधिक पसंत असतात आणि सुकी अंडी वापरली की मानसिकदृष्ट्या अडचण येते.

म्हणजे ज्या बदलाचे श्रेय १९५० च्या सुमारास दिलेल्या सल्ल्याला दिले जाते, तो बदल त्याआधी सुमारे पंधरा वर्षे कागदावर आलेला होता. डिक्टर काही काल्पनिक नव्हेत. ते १९०७ साली व्हिएन्नात जन्मले, १९३८ साली अमेरिकेत गेले, आणि गिऱ्हाइकाच्या मनाचा अभ्यास करून उत्पादकांना सल्ला देणे हा त्यांचा व्यवसायच होता. पण ते अमेरिकेत पोचले तेव्हा डफ यांचे दुसरे पेटंट तीन वर्षांचे झाले होते.

अमेरिकी लेखिका लॉरा शपिरो यांनी युद्धोत्तर अमेरिकी स्वयंपाकघरावर लिहिलेल्या 'समथिंग फ्रॉम दि ओव्हन' (२००४) या पुस्तकात हा इतिहास तपासला आहे. युद्धानंतरच्या वर्षांत दोन्ही प्रकारची मिश्रणे शेजारी शेजारी विकली जात होती. पिल्सबरीचा भर सगळे आत असलेल्या मिश्रणावर होता, तर जनरल मिल्स ताजी अंडी घालण्याची जाहिरात करी. शिवाय ताज्या अंड्यांची मिश्रणे रूढ झाल्यावरही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केक मिक्सच्या खपाची वाढ मंदावली. 'अंडे फोडले आणि खप वाढला' हे सरळ समीकरण इथेच डळमळते.

तारखांमुळे गोष्ट लंगडी पडते खरी, पण प्रश्न सुटत नाही. ताज्या अंड्यांचे केक मिक्स शेवटी टिकले, याचे कारण काय? त्यासाठी केकमध्ये अंडे नेमके काय करते ते पाहिले पाहिजे.

एका अंड्याची अनेक कामे

अंड्याला आपण 'पोषक अन्न' या एकाच सदरात टाकतो. बेकरीवाल्याच्या दृष्टीने ते एक कामाचे मिश्रण आहे. पांढऱ्या बलकात सुमारे ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिने असतात. मेद जवळजवळ नसतो. पिवळ्या बलकात निम्मे पाणी, सुमारे एक तृतीयांश मेद आणि १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात.

पांढरा बलक घुसळला की त्यातील प्रथिनांच्या वेटोळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा तयार करतात. हा फेस केकला हलका करतो. पुढे ओव्हनमध्ये उष्णतेने प्रथिने गोठतात व बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या होतात. ही गोठण्याची क्रिया एका ठरावीक तापमानाला होत नाही. पांढऱ्या बलकातील ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन साधारण ६१-६२ अंश सेल्सिअसला गोठू लागते, तर निम्म्याहून अधिक वाटा असलेले ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या पुढे. पिवळ्या बलकातील लेसिथिन आणि मेद-प्रथिनांचे संयुक्त कण तेल व पाणी यांना एकत्र धरून ठेवतात. मेयॉनीज जमते ते त्यांच्यामुळेच. शिवाय अंडे केकला रंग, चव आणि पाणी देते.

ही सारी कामे प्रथिनांच्या आणि मेदकणांच्या रचनेवर अवलंबून आहेत. सुकवताना नेमका धक्का बसतो तो या रचनेला.

सुकवल्यावर काय होते?

कारखान्यात अंडी फोडून बलक गाळतात, पाश्चरीकरण करतात आणि उंच बंद टाकीत गरम हवेच्या झोतात त्याचा बारीक फवारा सोडतात. थेंब खाली पोचेपर्यंत त्यातील पाणी उडून जाते आणि भुकटी उरते. अंड्याच्या आतल्या ऐवजात तीन चतुर्थांश पाणी असल्यामुळे एक किलो भुकटीला साधारण ऐंशी अंडी लागतात. भुकटी हलकी, फुटण्याची भीती नाही, थंडीत ठेवण्याची गरज कमी. सोय स्पष्ट आहे. आता तोटे पाहू.

पहिला तोटा साखरेचा. अंडे गोड लागत नाही, तरी पांढऱ्या बलकात सुमारे ०.४ टक्के ग्लुकोज मोकळे असते. ओल्या अंड्यात ते फारसे त्रास देत नाही. पाणी उडाले की त्याचे प्रमाण सुक्या पांढऱ्या बलकात तीन-चार टक्क्यांवर जाते आणि ते प्रथिनांतील अमिनो गटांशी जोडले जाऊ लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली हीच ती अभिक्रिया. पावाच्या कवचाला तपकिरी रंग आणि खमंग वास तिच्यामुळे येतो; पण साठवणीतल्या भुकटीत ती हवीशी नसते. भुकटी तपकिरी पडते, पाण्यात नीट विरघळत नाही आणि वास बिघडतो. संपूर्ण अंड्याच्या भुकटीत भर म्हणून ग्लुकोज पिवळ्या बलकातील सेफालिन या फॉस्फरसयुक्त मेदाशीही जोडले जाते आणि चव आणखी बिघडते.

दुसरा तोटा मेदाचा. पिवळ्या बलकातील मेद ताज्या अंड्यात प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेला असतो. सुकवताना ही बांधणी तुटते आणि मोकळा मेद फेसाच्या पडद्यात शिरून तो फोडतो. त्यामुळे संपूर्ण अंड्याची भुकटी पाण्यात कालवून कितीही घुसळली तरी ताज्या अंड्यासारखी फुगत नाही. मोकळा मेद हवेतील प्राणवायूने खवटही लवकर होतो.

तिसरा तोटा फक्त तयार मिश्रणात उद्भवतो. अंड्याच्या भुकटीत ओलावा पाच टक्क्यांहून कमी राखतात, कारण ओलावा कमी तेवढी ती टिकाऊ. साध्या मैद्यात मात्र बारा-चौदा टक्के ओलावा असतो. दोन्ही एका पुडक्यात बंद केले की ओलावा मैद्यातून भुकटीकडे सरकतो आणि वर सांगितलेल्या अभिक्रिया वेग घेतात. डफ यांच्या पहिल्या पेटंटात मिश्रण सुकवण्यावर भर होता, त्यामागची निकड आता लक्षात येईल.

शपिरो यांच्या पुस्तकातही त्या काळच्या सुक्या अंड्यांच्या केकविषयी अशाच तक्रारी नोंदलेल्या आहेत : केक भांड्याला चिकटतो, पोत बरोबर येत नाही, अंड्याचा वास फार येतो, पुडके लवकर खराब होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही.

हे तेव्हा माहीत होते का?

कोणी म्हणेल, हे सगळे आजचे ज्ञान आहे. तसे नाही. युद्धाने या प्रश्नावर सर्वांना काम करायला लावले होते. ब्रिटनला अमेरिकेतून जहाजाने अंडी पाठवणे परवडणारे नव्हते, म्हणून भुकटी पाठवली गेली. १९४२ पासून ब्रिटिश घरांत ती रेशनवर मिळू लागली. पाच औंसांचा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमचा एक डबा, आणि त्यावर बारा अंड्यांबरोबर असल्याची नोंद. एक सपाट मोठा चमचा भुकटी आणि दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडे. अमेरिकी सैनिकांच्या नाश्त्यालाही भुकटीचीच अंडी असत आणि ती त्यांना किती नकोशी झाली होती, हे सर्वश्रुत आहे.

या काळात संशोधनही जोरात झाले. १९४३ साली ब्रिटनमध्ये ब्रुक्स आणि हॉथॉर्न यांनी दाखवले की, सुकवण्याआधी बलकात साखर घातली तर भुकटी जास्त टिकते आणि तिची फेस धरण्याची शक्तीही सुधारते. ग्लुकोज त्रास देते आणि आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, मदत करते, हे वरवर विचित्र वाटेल. सुक्रोजच्या रेणूत अमिनो गटाशी जोडले जाणारे टोक मोकळे नसते, हा त्यातला मुख्य फरक. विद्यार्थ्यांना 'क्षपणकारक' आणि 'अक्षपणकारक' शर्करा शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

दुसरा मार्ग ग्लुकोज आधीच काढून टाकण्याचा. चीनमध्ये पांढरा बलक सुकवण्यापूर्वी काही दिवस आंबवत, तेव्हा जिवाणू त्यातील ग्लुकोज खाऊन टाकत. यीस्टनेही हे काम होते. १९५० च्या दशकात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर वापरात आले. ते ग्लुकोजचे ग्लुकोनिक आम्लात रूपांतर करते. त्यात तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कॅटलेज हे दुसरे विकर फोडून टाकते.

तेव्हा १९४७-५० च्या सुमारास केक मिक्स विकत घेणारी अमेरिकी गृहिणी कोऱ्या मनाने दुकानात गेली नव्हती. सुक्या अंड्याची चव तिच्या घरात कोणीतरी युद्धात चाखलेली होती.

उलट उदाहरण

एखाद्या स्पष्टीकरणाची खरी परीक्षा त्याच्यावरून केलेल्या भाकितात असते. गृहिणीला अंडे फोडण्याचे समाधान हवे होते असे मानले, तर अंडे न फोडता होणारे कोणतेही केक मिक्स टिकायला नको. सुक्या अंड्याचे रसायन हे कारण मानले, तर जिथे सुके अंडे चांगले काम करते तिथे 'फक्त पाणी घाला' असे मिश्रण टिकायला हवे.

असे मिश्रण आहे. 'एंजल फूड' नावाचा अमेरिकी केक नुसत्या पांढऱ्या बलकाच्या फेसावर उभा राहतो. त्यात पिवळा बलक नसतो, लोणीही नसते. त्याचे केक मिक्स १९५० च्या दशकातच बाजारात आले. त्यात सुका पांढरा बलक असतो आणि घरी घालायचे असते ते फक्त पाणी. आजही ते तसेच विकले जाते. पांढऱ्या बलकात मेद नाही, म्हणून खवटपणा नाही. ग्लुकोज काढून टाकले की तपकिरी पडण्याचा प्रश्नही मिटतो. इतकेच नव्हे, तर असा सुका बलक नंतर बरेच दिवस गरम खोलीत ठेवतात. ५४ अंशांच्या वर निदान सात दिवस ठेवल्यास त्यातील सालमोनेला जिवाणू मरतात, आणि फेस व गोठण्याची ताकद उलट सुधारते. 'प्रक्रिया केलेले म्हणजे निकृष्ट' हा समजही इथे टिकत नाही.

या उदाहरणाने सगळे सिद्ध झाले असे आम्ही म्हणणार नाही. एंजल फूड केकला दहा-बारा अंड्यांचा पांढरा बलक लागतो. उरलेल्या पिवळ्या बलकांचे करायचे काय, हा प्रश्न तयार मिश्रणाने वाचतो. गिऱ्हाइकाला ही सोय मोलाची वाटली असेल. पण निदान एवढे नक्की, की अपराधी भावनेची गोष्ट या केकला लागू पडत नाही आणि रसायनाचे स्पष्टीकरण पडते.

मग मनाचा संबंधच नाही का?

संबंध आहे. डफ यांच्या पेटंटातच तो मान्य केलेला आहे. फक्त त्यात 'कष्ट न केल्याची अपराधी भावना' नाही. 'ताज्याची पसंती' आहे. ताज्याची पसंती ही बरीचशी जिभेच्या अनुभवातून तयार होते, आणि तो अनुभव आपण वर पाहिलेल्या अभिक्रियांचा. मन आणि पदार्थ यांची अशी सांगड असताना त्यातला पदार्थच गाळून टाकणे, ही या गोष्टीबद्दलची आमची मुख्य तक्रार आहे.

समाजमनाचा प्रभाव खरोखर पाहायचा असेल तर आपल्याच दुकानांत पाहावा. आपल्याकडे केक मिक्सच्या अनेक पुडक्यांवर 'एगलेस' असे ठळक छापलेले असते. अंडे असलेल्या पदार्थावर आपल्या कायद्यानुसार मांसाहाराची खूण लागते. पूर्वी ती चौकोनातला तपकिरी ठिपका होती, आता तपकिरी त्रिकोण आहे. हिरवा ठिपका मिळवायचा तर अंडे बाहेर ठेवावे लागते. इथे कारण उघड आहे आणि पुडक्यावर छापलेले आहे. मात्र अंडे काढले तरी त्याची कामे उरतातच. ती दूधभुकटी, कंडेन्स्ड मिल्क, दही आणि सोडा, स्टार्च, तेल-पाणी एकत्र धरणारी द्रव्ये अशा अनेकांना वाटून द्यावी लागतात. अंडे न खाणाऱ्या घरातही अंड्याचे रसायन शिकता येते ते असे.

वर्गात काय करता येईल?

पहिला उपक्रम फेसाचा. दोन स्वच्छ वाट्यांत एकेका अंड्याचा पांढरा बलक घ्यावा. एकात पिवळ्या बलकाचे किंवा तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत. दोन्ही सारखाच वेळ, सारख्याच वेगाने घुसळून फेसाची उंची मोजावी. मोकळा मेद काय करतो ते डोळ्यांना दिसेल. कच्चे अंडे कोणी चाखू नये आणि हात साबणाने धुवावेत.

दुसरा उपक्रम लेबलांचा, आणि तो अंडे न आणता करता येतो. बिस्किटे, केक, मेयॉनीज, नूडल्स यांची रिकामी पुडकी जमवावीत. अंडे कुठे आहे, कोणत्या रूपात आहे (द्रव, भुकटी, नुसता पांढरा भाग) आणि नसेल तर त्याचे काम कोणी केले आहे, याचा तक्ता करावा. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी घटकांत अंडे असल्याची सूचना देणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ती पुडक्यावर कुठे व कशी छापतात तेही मुलांनी शोधावे.

तिसरा उपक्रम या गोष्टीचाच. ती वर्गात सांगावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत. गोष्टीतल्या घटना खरोखर त्याच क्रमाने घडल्या का? एकाच वेळी आणखी काय बदलले? गोष्ट खरी असेल तर आणखी काय दिसायला हवे, आणि ते दिसते का? वरच्या वर्गातल्या मुलांना हे प्रश्न पेलतात. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या निष्कर्षाला विचारतात तेही हेच.

प्रतिवाद म्हणून कोणी विचारील, एवढ्याशा गोष्टीवर इतका काथ्याकूट कशाला? तात्पर्य तर चांगलेच आहे. आमचे उत्तर असे. तात्पर्य चांगले आहे म्हणून पुरावा तपासायचा नाही, ही सवय एकदा लागली की ती केकपुरती राहत नाही. औषधाच्या जाहिरातीला, आहाराच्या सल्ल्याला, खतांच्या गुणगानालाही मग हीच सवलत मिळते. तिथे चुकीची किंमत मोठी असते. वर्गात ती सवय मोडायची तर अंड्याच्या भुकटीसारखे साधे, हाताशी असलेले आणि कोणाला न दुखावणारे उदाहरण बरे.